जांभूळकोंडची शिट्टी

मी, विनीता श्रीधर परचुरे, वय वर्षे शहात्तर, निवृत्त शिक्षिका, अविवाहित, राहणार महाड, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी काही कर्तव्य नसते, असे वकीलबाईंनी सांगितले. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणी धाक घालून किंवा गोड बोलून माझ्याकडून हे लिहून घेतलेले नाही. गोड बोलणारे पुष्कळ येऊन गेले, त्यांचे पुढे येईलच.

वकीलबाई म्हणजे ॲडव्होकेट प्रियदर्शिनी उतेकर, पोलादपूर. ही एके काळी आमच्या 'सोबत'मधलीच मुलगी. तिने मला छापील नमुना आणून दिला होता. त्यात मोकळ्या जागा सोडलेल्या असतात, नाव, गाव, मिळकत. माझे त्यात मावेना. म्हणून मी साध्या फुलस्केपवर लिहायला बसले. तिने ते तपासले आणि दोन ठिकाणी पेन्सिलीने 'हे मृत्युपत्रात येत नाही' असे लिहिले. ती दोन्ही ठिकाणे मी तशीच ठेवली आहेत.

मी फार थकले आहे. चार ओळी लिहिल्या की हात भरून येतो, मग चहा होतो, मग डुलकी लागते. तेव्हा हे आठ दिवस चाललेले लिखाण आहे आणि त्याला एकाच दिवसाचा सूर नाही. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे.

कलम १. यापूर्वी मी दोन मृत्युपत्रे केली होती. पहिल्यात राहते घर माझ्या धाकट्या भावाला दिले होते, तो माझ्याआधी गेला. दुसऱ्यात घर 'सोबत' या मुलींच्या संस्थेला दिले होते. ती मीच स्थापन केलेली आहे. ही दोन्ही मृत्युपत्रे आजपासून रद्द समजावीत. दुसरे का रद्द केले ते कलम पाचमध्ये लिहिले आहे, आणि खरे म्हणजे तेवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे.

कलम २. माझा पुतण्या चि. आमोद, राहणार पुणे. तो दर रविवारी न चुकता फोन करतो. "आत्या, गोळ्या घेतल्यास ना?" इथून सुरुवात होते आणि "आत्या, त्या जागेवर छान तीन मजली उभं राहील," इथे शेवट होतो. मागच्या दिवाळीत तो नकाशाही काढून घेऊन आला. त्यात माझ्यासाठी तळमजल्यावर एक खोली दाखवली होती, तिला खिडकी नव्हती. मुलगा वाईट नाही. त्याला घर देत नाही. त्याच्या वडिलांचे शिसवी टेबल, देवघरातील टाक आणि माझ्या आईच्या पाटल्या त्याने न्याव्यात. नकाशाही न्यावा, तो टेबलाच्या खणातच आहे.

त्याची मुलगी चि. श्रिया, इयत्ता आठवी, हिला माझी सायकल आणि माझे सगळे नकाशे. शाळेच्या प्रकल्पासाठी या पोरीने मे महिन्यात माझी मुलाखत घेतली. मी नेहमीच्या सफाईने सगळे सांगितले, किती गावे, किती मुली, कोण नर्स झाली, कोण पोलिसात गेली. तिने वहीत लिहून घेतले आणि मग विचारले, "आत्याआजी, एवढ्या मुलींपैकी तुझ्यावर रागावलेली कोण आहे?" मी म्हटले, कोणी नाही. तिने तेही लिहून घेतले. ती वही आता तिच्या बाईंकडे आहे आणि तिच्यात माझ्या नावावर एक खोटे वाक्य आहे. तेव्हापासून मला झोप नीट लागत नाही.

कलम ३. सत्कारात मिळालेल्या शाली वरच्या खोलीतल्या ट्रंकेत आहेत. परीक्षेला येऊन राहणाऱ्या मुलींना त्या थंडीत पांघरायला द्याव्यात. सन्मानचिन्हे कोणी मागितली तर द्यावीत, कोणी मागणार नाही. त्यांतली दोन जड आहेत, वाऱ्याने दार आपटू नये म्हणून ती लावायला बरी पडतात.

माझ्यामागे शोकसभा घेऊ नये. घेतलीच, तर आमच्या शाळेच्या तेव्हाच्या मुख्याध्यापकांना बोलायला उभे करू नये. "मुलींनी शिट्ट्या मारायच्या? मग मुलांनी काय बांगड्या भरायच्या?" असे ते शिक्षकखोलीत सर्वांसमोर म्हणाले होते. वीस वर्षांनी माझ्याच सत्कारात ते पाऊण तास बोलले, की या चळवळीच्या पाठीशी आपण पहिल्या दिवसापासून खंबीरपणे उभे होतो. ते आता नव्वदीला आले आहेत आणि माझ्यापेक्षा ठणठणीत आहेत, म्हणून हे लिहून ठेवावे लागते.

माझ्या अस्थी सावित्री नदीत सोडू नयेत. पूर आला की ती घरात येते आणि सगळे परत आणून टाकते. अंगणातल्या अनंताच्या झाडाखाली पुराव्यात.

कलम ४. 'सोबत' कशी सुरू झाली हे प्रत्येक भाषणात वेगळे सांगितले जाते, म्हणून एकदा खरे लिहिते. सन १९८८. मी पोलादपूरकडच्या एका हायस्कुलात भूगोल आणि नागरिकशास्त्र शिकवत होते. डोंगरावरच्या जांभूळकोंड गावातून सात मुली दीड तास पायवाट उतरून शाळेत येत. वाटेत एक पऱ्ह्या, म्हणजे डोंगरातला ओढा, लागतो. उन्हाळ्यात त्यात पाऊल भिजत नाही आणि जुलैत तो माणूस नेतो. त्या जुलैत तुळजा नावाची सातवीतली मुलगी मागे राहिली, घसरली आणि झाडाच्या मुळाला धरून तासभर पाण्यात लोंबकळली. ओरडत होती, पण पाण्याच्या आवाजात पुढच्या मुलींना काही ऐकू गेले नाही. एका गुराख्याने तिला वर काढले. दुसऱ्या दिवशी सातही मुलींची शाळा बंद झाली.

मी महाडच्या बाजारातून पी.टी.च्या मास्तरांकडे असतात तसल्या पत्र्याच्या शिट्ट्या आणल्या, लाल नाडीत ओवल्या आणि जांभूळकोंडला चढून गेले. तिथे गावकीचे पुढारी कोंडाजी मोरे. गावकीने ठरवले की ते ठरले, त्यावर कोर्ट नाही. देवळापुढच्या सहाणेवर, म्हणजे पालखी टेकवायच्या चौथऱ्यावर, बैठक भरली. मी नियम सांगितले. सर्वांत हळू चालणारी मुलगी रांगेत सर्वांत पुढे, बाकीच्यांनी तिच्या पावलाने चालायचे. सर्वांत खंबीर मुलगी सर्वांत शेवटी, तिच्यामागे कोणी राहता कामा नये. घरी पोचल्यावर प्रत्येकीने एक लांब शिट्टी द्यायची. आणि तीन शिट्ट्या ऐकू आल्या, की हातातले टाकून धावायचे, कोणाला विचारायला थांबायचे नाही.

बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. कोंडाजी हसले नाहीत. त्यांच्या मांडीवर त्यांची सहा वर्षांची मुलगी बसली होती. त्यांनी एक शिट्टी उचलून तिच्या गळ्यात घातली आणि म्हणाले, "आमची प्रयाग पन जाईल मोठी झाल्यावर. लिवा नाव." माझ्या वहीत पहिले नाव शाळेतल्या मुलीचे नाही, प्रयागचे आहे. पुढे गावकीनेच आम्हाला सहाणेजवळची खोली दिली. हे कोंडाजींचे ऋण मी नाकारत नाही, त्यांच्याविषयी पुढे जे लिहायचे आहे ते लिहिताना सुद्धा.

पुढचे सर्वांना माहीत आहे. लोक आम्हाला 'शिट्टीवाल्या' म्हणून चिडवत, मग तसेच ओळखू लागले. आसपासच्या वाड्यांमधल्या मुली आल्या. उन्हाळ्यात नदीत पोहायला शिकवले, शिवथरला शिबिरे घेतली, ग्रामसभेत उभे राहून बोलायला शिकवले. दहाव्या वर्षापर्यंत एकट्या जांभूळकोंडच्या वाटेवर चाळीस मुली झाल्या होत्या.

तेव्हाचा पऱ्ह्या ओलांडायचा दोर, शिट्ट्यांची पेटी, कर्णा आणि नावांच्या सर्व वह्या मी स्नेहलला देते. पुरात भिजलेल्या दोन वह्यांची पाने चिकटली आहेत, ती सोडवायच्या भानगडीत पडू नये. स्नेहल म्हणजे 'सोबत'ची आताची सचिव, वय चोवीस. गेली तीन वर्षे ती माझ्याच घरी राहते. माझ्या गोळ्या, माझी चिडचिड आणि संस्थेचे सगळे काम तीच सांभाळते. तिची आई म्हणजेच ती प्रयाग. स्नेहलला पुढचे कलम ठाऊक नाही. तिच्या आईने तिला कधी सांगितले नाही आणि मी तर नाहीच.

कलम ५. (वकीलबाईंची पहिली पेन्सिल इथे आहे.)

मे १९९७. प्रयागची नववी झाली होती, वय पंधरा. मुंबईकर सुट्टीला गावी आले होते, बिरवाडीच्या कारखान्यात कामाला असलेला मुलगा सांगून आला आणि आठ दिवसांत लग्न ठरले. हळदीच्या दिवशी संध्याकाळी ती घरामागच्या पडवीत गेली आणि तिने तीन शिट्ट्या वाजवल्या.

जांभूळकोंडच्या रांगेत सर्वांत शेवटी चालणारी मुलगी तेव्हा आवडी होती. आवडी गोमाजी सकपाळ, वय सतरा. ती कोणाला विचारायला थांबली नाही. एकोणीस मुली गोळा केल्या, मांडवात शिरली, प्रयागचा हात धरला आणि तिला बाहेर काढले. पायवाटेने खाली उतरवून, मिळेल त्या ट्रकने महाडला आणून, तिला माझ्या दारात उभी केली. आवडी इतकेच म्हणाली, "बाई, आणली." मी काय करीन याची तिच्या चेहऱ्यावर शंकाच नव्हती.

प्रयाग स्वयंपाकघरातल्या ओट्यावर बसली. हाताला, गळ्याला ओली हळद. मी चहा केला. तिने दोन कप चहा घेतला आणि दहावीची पुस्तके मिळतील का असे विचारले. मी म्हटले, बघू.

पहाटे कोंडाजी आले. चार माणसे बरोबर होती, ती बाहेर थांबली. ते आत येऊन जमिनीवर बसले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर कदाचित मी टिकले असते. ते म्हणाले, "बाई, माजी येक पोर माज्याकडं ऱ्हाऊ द्या. बाकीच्या चाळीस तुमच्या. नायतर गावकी ठराव करील, उद्यापासून येक पोर डोंगर उतरनार नाय. तुमीच सांगा, येक का चाळीस?"

कायदा माझ्या बाजूचा होता. मला माहीत होते, नागरिकशास्त्र मीच शिकवत असे. पोलीस ठाणे घरापासून चालत पाच मिनिटांवर आहे. मी चाळीस म्हटले.

सकाळच्या एसटीने मी स्वतः प्रयागला परत घेऊन गेले. ती वाटेत एकदाही रडली नाही. खिडकीबाहेर बघत बसली होती. उतरल्यावर चढण सुरू झाली, तेव्हा ती हळू चालत होती आणि मी तिच्या पुढे होते. माझाच नियम मोडून मी पुढे चालत होते, हे मला बरेच वर चढल्यावर लक्षात आले.

चौथ्या दिवशी लग्न झाले. त्यानंतरच्या आठवड्यात सहाणेवर बैठक बसली आणि तिथे मी आवडीला कोंडाजींची माफी मागायला सांगितली. सगळा गाव होता, चाळीस मुली होत्या. आवडी म्हणाली, "तीन वाजल्या की कोनाला इचारायचा नाय, असा तुमीच सांगितलाव ना बाई?"

मी म्हटले, "ते पऱ्ह्यासाठी होतं."

एवढेच म्हटले. माझ्या आयुष्यातले सर्वांत नीच वाक्य हे आहे आणि ते अगदी शांतपणे, शिक्षिकेच्या आवाजात म्हटले. मग तिला गळ्यातली शिट्टी काढायला लावली. तिने ती माझ्या हातात दिली नाही. सहाणेवर ठेवली आणि निघून गेली. ती मी वाकून उचलली.

चळवळ वाचली. वाढली. दोन तालुक्यांत पसरली. ज्या मुलींचे फोटो भिंतीवर आहेत त्या याच चाळीसांतल्या आणि त्यांच्यानंतरच्या, आणि त्यांना पाहून मला आनंद होत नाही असे नाही. म्हणूनच हे इतकी वर्षे लिहिता आले नाही. हिशोब माझ्या बाजूने लागत गेला.

आवडी मुंबईला गेली, घरकामे केली, दहा वर्षांनी परत आली. पाचाडला गडाच्या पायथ्याशी तिचे खानावळीचे छप्पर आहे, गडावर जाणाऱ्यांना ती पिठले-भाकरी करून घालते. २०११ साली मी मुलींची सहल घेऊन गेले होते आणि नेमकी तिथेच गाडी थांबली. तिने सगळ्यांना वाढले, मलाही वाढले. भाकरी गरम होती. मी ताट तसेच टाकून गाडीत जाऊन बसले, आणि मुलींना सांगितले की पित्त झाले आहे.

प्रयाग बिरवाडीला कामगारांचे डबे करते. नवरा बरा निघाला, हे तिचे नशीब, त्यात माझे काही नाही. २०१३ साली ती बारा वर्षांच्या स्नेहलला घेऊन माझ्याकडे आली. पोरीच्या गळ्यात लाल नाडीतली जुनी पत्र्याची शिट्टी होती, बाकी मुलींच्या तोवर प्लास्टिकच्या झाल्या होत्या. प्रयाग उंबऱ्यातच उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, ह्या पोरीनं तीन वाजवल्या तर तुमी या." मी मान हलवली. ती बसली नाही. चहा करते म्हटले, तर म्हणाली डबे हायत.

कलम ६. महाड येथील माझे राहते घर, खाली दोन खोल्या व स्वयंपाकघर, वर मुलींसाठी बांधलेल्या दोन खोल्या, मागील अंगणासह, मी आवडी गोमाजी सकपाळ, राहणार पाचाड, हिला पूर्ण मालकी हक्काने देते. बँकेतील ठेव घराच्या डागडुजीसाठी तिच्याच स्वाधीन करावी.

संस्थेला का देत नाही, असे समितीचे लोक विचारतील. समितीत चांगली माणसे आहेत. पण पुन्हा एखादी मुलगी हळदीच्या अंगाने दारात आली, तर समिती बैठक बोलावेल. समितीला नेहमी चाळीसच दिसतात. मला दिसल्या तशाच.

आवडीने घर कसे चालवावे हे मी तिला सांगणे शोभत नाही, तरी तीन गोष्टी मागते. एक, तीन शिट्ट्यांमागून या घरात आलेली मुलगी तिच्या मर्जीविरुद्ध परत पाठवू नये, मागे चाळीस असोत की चारशे. दोन, बाहेरच्या भिंतीवरची पुराच्या पाण्याची रेघ पुसू नये, नव्या मुलींना पाणी कुठवर येते ते कळलेले बरे. तीन, स्वयंपाकघरातला ओटा पाडू नये. त्यावर हळदीचा डाग पडला होता. मी दुसऱ्याच दिवशी नारळाच्या शेंडीने घासून काढला. पूर्ण निघाला. (वकीलबाईंची दुसरी पेन्सिल इथे आहे.)

कलम ७. आवडीची शिट्टी माझ्या कपाटात, औषधांच्या जुन्या डब्यात, नाडीसकट आहे. माझ्या मृत्यूनंतर तेराव्या दिवशी ती माझ्या वतीने वकीलबाईंनी तिच्या हातात द्यावी आणि माझी चूक झाली असे सांगावे.

कलम ८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲड. प्रियदर्शिनी उतेकर यांनी करावी. आमोदने वाद घालू नये. घातला तर श्रियाने त्याला वरचे कलम पाच मोठ्याने वाचून दाखवावे आणि तिच्या वहीतले माझे वाक्य खोडावे.

पुरवणी, सह्यांच्या आधी.

वरचा मजकूर लिहून पूर्ण झाला होता. सही करण्यापूर्वी आवडीची संमती घ्यावी, नाही म्हणाली तर सगळेच फुकट, असे वकीलबाई म्हणाल्या. त्यांनी पाचाडला जाऊन निरोप दिला. आवडी येईल याची मला आशा नव्हती. ती आज सकाळी आली. साक्षीसाठी मी तुळजाबाई आणि प्रयाग यांना बोलावले होते, त्या आधीच येऊन बसल्या होत्या. तुळजाबाई म्हणजे पऱ्ह्यात पडलेली तीच तुळजा, आता पन्नाशीची.

मी सगळे मोठ्याने वाचले. कलम पाचशी पोचले, तेव्हा स्नेहलने पाण्याचा तांब्या पुढे केला. ती शेवटपर्यंत तशीच उभी होती. वाचून झाल्यावर तिने आईला विचारले, "आई, तू त्या रात्री इथे आली होतीस?"

"व्हय," प्रयाग म्हणाली. "त्या वट्यावर बसले व्हते. चहा चांगला व्हता."

स्नेहल ओट्याकडे वळली. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. मला वाटले, ही आता सामान बांधणार. ती चहा घेऊन आली, सगळ्यांना दिला, मलाही दिला, पण माझ्याकडे पाहिले नाही. मला तेवढे मिळाले तेच पुष्कळ आहे.

आवडी भिंतीला टेकून बसली होती. केस पिकले आहेत, हात भाजल्याच्या खुणांनी भरलेले. मी विचारले, "घर घेशील ना गो?"

ती म्हणाली, "घराचा मागनं बगू. ते सातवा काय लिवलाव, त्ये परत वाचा."

मी कलम सात परत वाचले.

"मेल्यावर नको," ती म्हणाली. "वकिलाच्या हातनं पन नको. तुमी जित्या हाव तवर तुमच्या हातानं द्या. जिथं घेतलाव तिथं द्या. सगल्या गावाम्होरं."

वकीलबाई मध्ये पडल्या, म्हणाल्या की बाईंचे गुडघे पूर्ण गेलेले आहेत, डॉक्टरांनी जिना सुद्धा बंद केला आहे. तुळजाबाई म्हणाली, आता जांभूळकोंडला रिक्षा जाते. आवडी म्हणाली, "मी तिला वाटेनं खाली आनली व्हती, रिक्षानं नाय." मग प्रयागकडे बघून विचारले, "तू येशील गो?" प्रयाग म्हणाली, "रईवारी डबे नसतात."

कोंडाजी अजून आहेत. ऐकू येत नाही, पण सहाणेवर उन्हाला बसतात असे कळते. त्यांना दिसेल.

रविवारच्या आधी बाईंना काही झाले तर कलम सातचे काय करायचे, असे वकीलबाईंनी विचारले, कारण तो त्यांचा धंदा आहे. आवडी चहाचा कप खाली ठेवत म्हणाली, "नाय मरत."

सबब कलम ७ मी याद्वारे रद्द करते. बाकीची कलमे कायम. आवडीने घर स्वीकारायचे की नाही हे ती शिट्टी हातात पडल्यावर सांगणार आहे, आणि तोवर मी तिला विचारणार नाही.

रविवार, ३० नोव्हेंबर रोजी सकाळच्या पहिल्या एसटीने आम्ही निघू. त्या पायवाटेला मुलींना दीड तास लागत असे, मला दुपार होईल. मला खरोखर भीती वाटते, चढण्याची आणि वर पोचण्याचीही. स्नेहल दोर घेते म्हणाली. तेवढेच बोलली. रांग नियमाप्रमाणे लागेल. सर्वांत हळू चालणारी पुढे, म्हणजे मी. सर्वांत शेवटी आवडी.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, मी वाचला आणि तो खरा आहे. खालील दोघींच्या देखत सही करते. त्यांनीही माझ्या देखत केली.

(सही) विनीता श्रीधर परचुरे

साक्षीदार:
१. (सही) तुळजाबाई गणू सकपाळ, राहणार पोलादपूर
२. (सही) प्रयाग कोंडाजी मोरे, सासरच्या प्रयाग भरत कदम, राहणार बिरवाडी

स्थळ: महाड, स्वयंपाकघर
दिनांक: २५ नोव्हेंबर २०२५, मंगळवार